सहावार परदेश

मी आयुष्यात एकदाच परदेशी जाऊन आलो, आणि संध्याकाळच्या चहाला घरी होतो.

(घरी होतो म्हणजे देहाने. अब्रू मागून यायची होती. ती अजून पुरती पोचलेली नाही.)

ही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला यायचा होता, गोव्याची नाकेबंदी व्हायची होती, आणि आरोंद्याला आमच्या घरामागच्या खाडीपलीकडे चक्क पोर्तुगिजांचं राज्य होतं. पलीकडच्या बायका वाळत घालत ती लुगडी आम्हाला अंगणातून मोजता येत. पलीकडचा कोंबडा आरवला की आम्ही उठत असू. तरी तो परदेश! अलीकडे आपला जकात नाका, पलीकडे त्यांचा, आणि मध्ये एक होडी. मी गावच्या मराठी शाळेत मास्तर. भूगोलाच्या तासाला "परदेश कुठे असतो?" असं विचारलं की सगळा वर्ग खिडकीबाहेर बोट दाखवायचा, आणि मला पूर्ण गुण द्यावे लागायचे.

मी स्वतः मात्र तिकडे कधी गेलो नव्हतो. परदेशी माल चोरून आणणाऱ्यांबद्दल मी वर्गात फार कडक बोलत असे, त्यामुळे तिकडे पाऊल टाकणंसुद्धा मला बरं दिसत नव्हतं. पण त्या वर्षी वैशाखात माझ्या मेहुण्याचं लग्न पिंगुळीला ठरलं, आणि त्या लग्नासाठी माझ्या बायकोची थोरली भावजय मुंबईहून आली ती नायलॉनची साडी नेसून. पाण्यात बुडवायची, झटकायची की वाळली! माझी बायको सुमती माहेरी चार दिवस राहून आली आणि पाचव्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, "अवो, म्हापशाक नायलॉन मिळता म्हणतत."

"मिळू दे. जकात चुकवून माल हाडणां म्हणजे चोरी. मी पोरांक नागरिकशास्त्र शिकवतंय," मी म्हटलं.

"शिकवा. पण माका नायलॉन होया. नायतर भावाच्या लग्नाक मी येवचंय नाय. ती कित्याक येवक नाय, तां मांडवात सगळ्यांक तुमी सांगा."

मला धक्काच बसला. बारा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू, आणि ती नेमकी परदेशातली! रीतसर जकात भरून आणायची तर गोठ्यातली म्हैस विकावी लागली असती. मी काहीच बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे नकार, असं माझं मत. सुमतीने त्याचा अर्थ होकार असा लावला आणि सगळ्या वाडीला सांगून टाकलं की आमचे परदेशी जाणार आहेत.

मग एका शुक्रवारी पहाटे मला निघावंच लागलं. बरोबर दोन मित्र होते. एक तात्या. वय पन्नाशीच्या पुढे, आणि गाऱ्हाणं घालण्यात सगळ्या पंचक्रोशीत नाव. आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. एकाने मोठ्याने देवाला सगळी हकिगत सांगायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. त्यात आडपडदा चालत नाही. तात्याचं गाऱ्हाणं इतकं तपशीलवार असे, की देवाला पुढे काही विचारायला जागा उरत नसे. दुसरा जगन, किराणा दुकानदार. त्याला परदेशाचे सगळे कायदे पाठ.

"मास्तरानू, एक ध्यानात ठेवा," होडीत बसता बसता जगन म्हणाला. "अंगावरच्या वापरातल्या कपड्याक जकात नाय. बाकी सगळ्याक आसा."

"मला त्याच्याशी काय करायचंय?" मी म्हटलं. (घाबरलो की मी पुस्तकी मराठीत बोलतो. हे पुढे लक्षात ठेवावं लागेल.) "मी फक्त स्थळदर्शनाला येतोय. तुम्ही काय आणाल ते तुमच्या जबाबदारीवर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी इतका नि:स्पृह माणूस आहे हे त्यांना माहीत होतं, कारण मीच ते त्यांना दर दोन दिवसांनी सांगत असे.

होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा तात्या एकदम उभा राहिला. त्याला शंका आली होती. आमच्या वेशीवरच्या देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, तो नारळ ठेवून आला होता खरा, पण देवचाराची हद्द नेमकी कुठवर? भर पाण्यात त्याची राखण संपली तर? आणि पलीकडच्या देवचाराला गाऱ्हाणं घालायचं तर ते आपल्या भाषेत चालेल, की पोर्तुगीज लागेल?

"बस रे तात्या, होडी कलंडता," होडीवाला म्हणाला. "पलीकडचो देवचार हो आमच्याच देवचाराचो भाऊ. वाटणी झाली तेवा तो तिकडे गेलो."

ही माहिती ऐकून तात्याला फार बरं वाटलं. मला मात्र धक्का बसला. एवढ्या वर्षांत हे मला भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

परदेशी पाऊल ठेवलं. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी प्रवासवर्णन लिहायचं म्हणून मी कोरी वही घेतली होती. पहिल्या पानावर लिहिलं, 'येथेही नारळ.' त्याखाली लिहिलं, 'येथेही कुत्रे.' मग त्यांच्या नाक्यावरच्या शिपायाने नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "आरोंद्याचे मास्तर मू? तुमच्या शाळेत माझो भाचो आसा. पाढे येनत त्याका." परक्या सरकारच्या गणवेशातला माणूस माझ्याशी भाच्याच्या पाढ्यांबद्दल बोलतो, म्हणजे काय? मी वहीत लिहिलं, 'येथेही पालक.'

पुढे बस, मध्ये नदी ओलांडायला एक तर, पुन्हा बस, असं करत म्हापशाला पोचलो. शुक्रवारचा बाजार भरलेला. मी डोळे फाडून परदेश शोधत होतो आणि दिसत होती ती मिरच्यांची रास, सुकी मासळी, मातीची मडकी आणि कोकम. एक मासेवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "कित्याक आ करून रावलास, बामणा? बांगडे घे." एवढ्या लांब येऊन बांगडेच! परदेशी असं एकच दिसलं, ते म्हणजे भिंतीवरच्या पाट्या. त्या मला वाचता येईनात. तेवढ्यापुरतं परदेशी आल्याचं समाधान वाटलं.

दुपारी तात्या आणि जगन आपापल्या खरेदीला लागले. तात्याने फेणीची एक बाटली घेतली. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी, म्हणून त्याने ती आपल्या मिटलेल्या छत्रीत, काड्यांच्या आत उभी सरकवली आणि वर बंद बांधून टाकला. मग भर उन्हात तो मिटलेली छत्री पोटाशी धरून, डोक्यावर पंचा घेऊन चालू लागला. जगनने चार नवे शर्ट एकावर एक चढवले आणि दोन्ही दंडांना आतून एकेक घड्याळ बांधलं. वैशाखात चार शर्ट! त्याच्या कानांच्या पाळ्यांवरूनसुद्धा घाम गळत होता.

"लाज वाटायला पाहिजे," मी दोघांना म्हटलं. "देश नुकता स्वतंत्र झालाय आणि तुम्ही हे धंदे करता?"

"चुकला, मास्तरानू," तात्या खाली मान घालून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"तुम्ही चहा घ्या. मी जरा ते समोरचं चर्च आतून बघून येतो," मी म्हटलं, आणि तिथून थेट कापडाच्या दुकानात शिरलो.

दुकानातल्या नोकराने मला वर-खाली पाहिलं आणि काही न विचारता नायलॉनची पेटी उघडली. गुलाबी रंग, त्यावर हिरवे पोपट. मी साडी हातात घेतली तर ती हातात राहीना, पाण्यासारखी घसरून गल्ल्यावर जाऊन पडली. "भिवं नाकात मास्तर," तो म्हणाला आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला. "फाटल्या शुक्रारा एक भटजी गेलो, दोन गुठलावन."

(मागच्या शुक्रवारी एक भटजी दोन साड्या गुंडाळून गेले म्हणे! कोणते, ते मी आजही शोधतो आहे.)

मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, दुकानात शिरण्याआधी तीनदा मागे वळून बघतात ते मास्तर, दोनदा बघतात ते सरकारी कारकून. बोलता बोलता त्याने सहा वार नायलॉन माझ्या पोटाभोवती घट्ट गुंडाळलं, वर सदरा सोडला, कोटाची बटणं लावली आणि मला एक गरगरीत पोट देऊन रस्त्यावर सोडलं.

"मास्तरानू, तुमी भरलेसे दिसतात," जगन म्हणाला.

"वारा धरलाय," मी म्हटलं.

परतीचा प्रवास मला जन्मभर आठवेल. नायलॉन अंगाला धरून राहत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बसच्या प्रत्येक धक्क्याला ते चार बोटं खाली सरके. मी दोन्ही हातांनी पोट धरून बसलो होतो आणि तात्याने दोन वेळा ओव्याची चौकशी केली. आपल्या किनाऱ्याला होडी लागली तेव्हा साडी कमरेखाली आली होती आणि मी गुडघे जुळवून चालत होतो. समोर धक्क्यावर सुमती उभी! एकटी नव्हे, वाडीतल्या सात-आठ बायका घेऊन. परदेशाहून येणारा नवरा बघायला. तिने लांबूनच माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की क्षणभर मलाही आपण पराक्रमी वाटलो.

आता उरला होता फक्त आपला नाका. तो ओलांडला की साडी घरात, बायको लग्नात आणि माझी नोकरी शाळेत. त्याच्या अलीकडे मोठा वड आणि वडाच्या बुंध्याशी देवचाराचा दगड. मी पुढे जायला लागलो तर तात्याने कोट धरला. "गाऱ्हाणां घातल्याबिगर नाक्यार पाय ठेवूचो नाय."

आम्ही हात जोडून उभे राहिलो. तात्याने डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी ही तीन लेकरां परमुलूख बघून सुखरूप परत इली, ती तुझ्याच राखणीन इली, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता म्होरे जो नाको आसा, त्या नाक्यावरच्या शिपायाची नजर घटकाभर खाडीकडे वळव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तात्याच्या छत्रयेत एक बाटली आसा, तिच्यातली अर्धी तुका, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाऱ्हाणं तात्या घालतोय, 'व्हय' म्हणणारे मी आणि जगन. माणसं दोन आणि आवाज तीन? मी मनाशी म्हटलं, खाडीवरून घुमत असेल.

"ह्या जगनाच्या अंगार चार शर्टां आणि दंडाक दोन घड्याळां आसत, एक त्याका आणि एक त्याच्या मेवण्याक, ती सांभाळून घराक पोचय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हे आमचे मास्तर, सत्यवचनी माणूस. ह्यांच्या अंगार परमुलखाचो एक धागो नाय. ह्यांच्या पुण्याईन आमका पार कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो. तिसरा आवाज तरीही माझ्यापेक्षा मोठा होता. तो खाडीवरून येत नव्हता, वडामागून येत होता.

आम्ही डोळे उघडले. वडाच्या पलीकडे, टोपी काखेत, हात जोडलेले आणि डोळे मिटलेले, असा नाक्यावरचा शिपाई उभा होता. देवचाराला रोजची विडी ठेवायला आला होता बिचारा. त्यानेही डोळे उघडले. आम्हाला जेवढा धक्का बसला, त्याहून मोठा त्याला बसलेला दिसला.

"मेलंय," तो म्हणाला. "मी ह्यां काय म्हटलंय?"

"व्हय म्हटलंस," तात्या शांतपणे म्हणाला. "पाच वेळा."

"अरे, आमच्या घराण्यात गाऱ्हाण्याचो मान! कानार पडला की त्वांड आपसूक 'व्हय' म्हणता!" शिपाई कपाळाला हात लावून खाली बसला. मालवणकडचा माणूस. सरकारची नोकरी एका बाजूला आणि देवचारापुढे दिलेला शब्द दुसऱ्या बाजूला. नाक्यावरचे साहेब तालुक्याच्या गावाला गेलेले, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला? धक्क्यावरच्या बायका एव्हाना वडाखाली येऊन पोचल्या होत्या. शेवटी तो टोपी डोक्यावर घालत उठला.

"देवाक जां सांगितलास आणि मी ज्याका व्हय म्हटलंय, तां माझ्यान मोडूचां नाय. तात्या, अर्धी बाटली देवाची, ती हय ओत. जगना, तू जा." मग तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमच्याविषयी देवाक सांगितलास की अंगार एक धागो नाय. त्याकाय मी व्हय म्हटलंय. तां खरां नाय निघाला तर पाप माझ्या माथ्यार. तेवा तुमका बघूचा लागतला."

मला काही बोलायचं होतं. पण त्याच क्षणी नायलॉनने आपला निर्णय घेतला, आणि गुलाबी पदराचं एक टोक, दोन पोपटांसकट, माझ्या धोतराखालून पायावर आलं.

शिपायाने ते टोक दोन बोटांत धरलं आणि ओढलं. मी फिरलो. तो ओढत गेला आणि मी फिरत गेलो. सहा वार म्हणजे किती फेरे, ते मला त्या दिवशी कळलं. दर फेरीला एकेक चेहरा समोर येई. तात्याचं तोंड उघडं. जगनचं तोंड उघडं. सुमती मात्र शेजारणीला सांगत होती, "रंग बरो आसा गो."

"मास्तरानू, तुमीसुदीक?" तात्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दु:ख होतं, आणि ते मला जास्त लागलं.

"ही कोणाची साडी?" शिपायाने सरकारी मराठीत विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर शाळा, मुख्याध्यापक आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक उभं राहिलं. बायकोसाठी चोरून आणली म्हणावं तर नोकरी गेली. माझी नव्हे म्हणावं तर साडी गेली, आणि साडीबरोबर पिंगुळीचं लग्न. अशा वेळी माणसाला नको ते आठवतं. मला जगनचा कायदा आठवला.

"माझी आहे," मी म्हटलं. "अंगावरचं वापरातलं वस्त्र आहे. मी नेसतो."

शिपायाच्या बोटांतून पदर सुटला.

"नेसतास?" शिपाई सरकारी मराठी विसरला.

"हो. अधूनमधून."

शिपायाने साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, देवचाराच्या दगडाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखा भाव आला. "वापरातल्या कपड्याक जकात नाय, ह्यां खरां. मग नेसून दाखवा. नेसून नाको पार केलास तर तुमी सुटलास आणि मीय सुटलंय."

आरोंद्याच्या वडाखाली, दिवसाढवळ्या, कोट आणि टोपी तशीच ठेवून, मी धोतरावर साडी नेसू लागलो. रोज घरात बघतो ती गोष्ट इतकी अवघड असेल असं वाटलं नव्हतं. निऱ्या घातल्या की सुटायच्या, खोचल्या की घसरायच्या. बायकांना ते बघवेना. "निऱ्यो उजवीकडसून घाला मास्तर!" एक म्हणाली. "घट खवसा!" दुसरी म्हणाली. सुमती इतका वेळ पदराने तोंड झाकून उभी होती. पण मी पदर उजव्या खांद्यावर टाकला तेव्हा तिलाही राहवलं नाही. "अवो, डाव्या! डाव्या खांद्यार!"

अशा रीतीने मी परदेशाहून मायदेशी परतलो. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात प्रवासवर्णनाची वही. मागे अर्ध्या बाटलीची छत्री घेऊन तात्या, त्यामागे टिकटिकणारा जगन. नाक्यावर शिपायाने अदबीने अडसर वर केला आणि मला, कोणास ठाऊक का, सलाम केला.

साडी घरी पोचली. पण सुमतीने ती हातात घेतली नाही. "सगळ्या गावान ती तुमच्या अंगार बघल्यान. आता मी नेसलंय तर लोक म्हणतले, घोवाची नेसली." लग्नाला मात्र ती आली, जुनी हिरवी साडी नेसून, आणि मांडवात बसून तिने ही हकिगत इतक्या वेळा सांगितली की मुंबईच्या भावजयीच्या नायलॉनकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला वधूपक्षाच्या पंगतीतून बोट दाखवून ओळखत होते. नोकरी टिकली. फक्त वर्गात नागरिकशास्त्राचा तास आला की मुलं माझ्या पोटाकडे बघायची.

आठ दिवसांनी गावातल्या दशावतारी कंपनीचे मालक घरी आले. त्यांचा राणीचं काम करणारा नट मुंबईला नोकरीला गेला होता. मला न्याहाळत म्हणाले, "मास्तर, तुमचां ऐकून इलंय." मी स्वतः जायला नकार दिला आणि माझ्या बदली साडी दिली. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं आमच्या जत्रेत राणी परदेशी नायलॉनमध्ये यायची आणि साऱ्या आरोंद्याला ते पोपट ओळखीचे झाले होते.

राणी मंचावर आली की सुमती दर वर्षी माझ्याकडे झुकायची आणि अगदी मनापासून म्हणायची, "अवो, खरां सांगू? तुमका बरी दिसा होती."

आणि आमच्या मागच्याच रांगेत बसलेला नाक्यावरचा शिपाई म्हणायचा, "व्हय म्हाराजा!"